सोळाव्या-सतराव्या शतकातील लॅटिन व्याकरणाचे वर्ग : नियम आधी की भाषा आधी?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

युरोपातील प्रबोधनकाळाविषयी मराठीत लिहिले जाते तेव्हा चित्रकार, दर्यावर्दी आणि राजे यांना भरपूर जागा मिळते. त्या काळातील सात-आठ वर्षांचा शाळकरी मुलगा दिवसभर बाकावर बसून काय करीत होता, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. इंग्लंडमधील ‘ग्रामर स्कूल’मध्ये जाणाऱ्या मुलापुरते उत्तर सरळ आहे : तो लॅटिन व्याकरण पाठ करीत होता. ही भाषा त्याच्या घरी कोणी बोलत नव्हते, गावात कोणी बोलत नव्हते, तरीही विद्यापीठ, धर्मपीठ, वैद्यक आणि परराष्ट्रांशी होणारा पत्रव्यवहार यांचे दार तिच्याखेरीज उघडत नसल्यामुळे बालपणाची बरीच वर्षे तिच्यावर खर्च होत. ही वर्षे कशी खर्च व्हावीत, याविषयी त्या काळच्या शिक्षकांमध्ये जो खोल आणि प्रामाणिक वाद झाला, त्यावर येथे चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

सुरुवात लंडनपासून करतो. सेंट पॉल कथीड्रलचे डीन (प्रमुख धर्मगुरू) जॉन कोलेट यांनी १५०९ मध्ये स्वतःच्या संपत्तीतून १५३ मुलांसाठी शाळा स्थापन केली. योहानाच्या शुभवर्तमानातील जाळ्यात सापडलेल्या माशांच्या संख्येवरून हा आकडा घेतला, असे मानले जाते. शाळेच्या नियमांनुसार मुलांनी उन्हाळा असो वा हिवाळा, सकाळी ७ वाजता यायचे, ११ पर्यंत बसायचे, १ वाजता परत यायचे आणि ५ वाजता सुटायचे. पहिले मुख्याध्यापक होते विल्यम लिली. मुलांसाठी प्राथमिक रूपविचार कोलेट यांनी इंग्रजीत लिहिला, वाक्यविचार लिली यांनी लॅटिनमध्ये लिहिला आणि तो डच विद्वान इरॅस्मस यांनी तपासून सुधारला. कोलेट १५१९ मध्ये आणि लिली १५२२ मध्ये वारले. त्यानंतर या सगळ्या साहित्याची जुळणी होऊन जे पुस्तक तयार झाले, ते ‘लिलीचे व्याकरण’ म्हणून ओळखले जाऊ लागले. आठव्या हेन्रीच्या आज्ञेने १५४० च्या दशकाच्या आरंभी हेच एक व्याकरण देशभरातील शाळांसाठी ठरवून देण्यात आले, कारण प्रत्येक शिक्षकाचे पुस्तक वेगळे असल्यामुळे शाळा बदलणाऱ्या मुलाला पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागे.

पुस्तकाचे दोन भाग होते. पहिल्या, इंग्रजी भागात शब्दांच्या आठ जाती, नामांचे पाच गण (रूपे चालवण्याचे वर्ग), क्रियापदांचे चार गण आणि तीन ‘मेळ’ येत : कर्त्याचा क्रियापदाशी, विशेषणाचा विशेष्याशी आणि संबंधी सर्वनामाचा त्याच्या पूर्वपदाशी. दुसरा, मोठा भाग संपूर्ण लॅटिनमध्ये होता. नामांच्या लिंगांचे नियम, क्रियापदांच्या भूतकाळी रूपांचे नियम आणि त्यांचे असंख्य अपवाद तेथे पद्यात बांधलेले होते. ‘प्रोप्रिया क्वाए मारिबुस’ आणि ‘आस इन प्राएसेंती’ ही त्या पद्यांची आरंभीची अक्षरे इंग्लंडमधील शिकलेल्या प्रत्येक पुरुषाला म्हातारपणीही आठवत असत. जी भाषा अजून येत नाही, तिचे नियम त्याच भाषेत पाठ करायचे, ही या शिक्षणातली मूळ अडचण होती. पुढील दीडशे वर्षांतील जवळजवळ प्रत्येक सुधारकाने बोट ठेवले ते याच ठिकाणी.

वर्गातील प्रश्नोत्तरांचा नमुना शेक्सपिअरने ‘मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर’ या नाटकाच्या चौथ्या अंकात दिला आहे. वेल्श पाद्री ईव्हान्स लहानग्या विल्यमला रस्त्यातच प्रश्न विचारतो. ‘लापिस’ म्हणजे काय? विल्यम म्हणतो, दगड. मग दगड म्हणजे काय? विल्यम म्हणतो, खडा. शिक्षकाला मात्र ‘लापिस’ हेच उत्तर हवे आहे. मुलाने आपल्या भाषेत विचार करून बरोबर उत्तर दिले, तरी ते चूक ठरले. ‘लापिस’ हे लिलीच्या पुस्तकातील तिसऱ्या गणाचेच उदाहरण आहे, त्यामुळे प्रेक्षकांतील अनेकांना आपला वर्ग आठवला असणार.

रॉजर अ‍ॅस्कम हे राजकन्या एलिझाबेथचे शिक्षक. त्यांचे ‘द स्कूलमास्टर’ हे पुस्तक त्यांच्या निधनानंतर १५७० मध्ये त्यांच्या पत्नीने प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी वेगळी वाट सुचवली. शिक्षकाने रोमन वक्ता सिसेरो याचे एखादे छोटे पत्र मुलाला समजावून सांगावे, मुलाने ते एका वहीत इंग्रजीत उतरवावे, निदान एक तास मध्ये जाऊ द्यावा, आणि मग मूळ न पाहता दुसऱ्या वहीत ते पुन्हा लॅटिनमध्ये करावे. त्यानंतर शिक्षकाने सिसेरोचे पान आणि मुलाचे पान शेजारी ठेवावे, जेथे साधले तेथे कौतुक करावे आणि जेथे चुकले तेथे न रागावता सिसेरोने काय केले असते ते दाखवावे. नियम टाकायचे नाहीत, पण ते प्रत्यक्ष मजकुरात भेटतील तेव्हा शिकवायचे. मला ही पद्धत त्या शतकातील अध्यापनाच्या विचारांपैकी सर्वांत मोलाची वाटते, कारण तिच्यात मुलाची मातृभाषा अडथळा न राहता शिकण्याचे साधन होते.

जाणकारांनी भर घालावी.

---

दंडान्वय

उत्तम विषय. मी शाळेत संस्कृत शिकवते, त्यामुळे पाठांतराच्या बाजूने थोडे बोलणे मला आवश्यक वाटते.

पद्यात नियम बांधण्याची पद्धत लिलीच्याही आधीची आहे. अलेक्झांडर द व्हिला देई यांचे ‘डॉक्ट्रिनाले’ हे ११९९ च्या सुमाराचे व्याकरण २६४५ ओळींचे आहे आणि ते तीन शतके युरोपभर पाठ केले जात होते. पुस्तक महाग आणि दुर्मीळ असते तेव्हा स्मरण हेच विद्यार्थ्याचे पुस्तक असते. आपल्याकडे ‘यल्लिङ्गं यद्वचनं या च विभक्तिर्विशेष्यस्य, तल्लिङ्गं तद्वचनं सैव विभक्तिर्विशेषणस्यापि’ हे मी आजही पहिल्याच आठवड्यात पाठ करून घेते. लिलीच्या पुस्तकातील दुसरा मेळ तंतोतंत हाच आहे. ज्या भाषेत शब्दाचे काम त्याच्या प्रत्ययावरून ओळखायचे असते, तिथे रूपे तोंडात बसल्याशिवाय वाक्याला हात घालता येत नाही. त्यामुळे रूपावली पाठ करणे हा मुलावर अन्याय होता असे मला वाटत नाही. अन्याय होता तो अपवादांच्या याद्या पहिल्याच वर्षी पाठ करायला लावण्यात.

दुसरा मुद्दा अन्वयाचा. अ‍ॅशबी-दि-ला-झूश येथील शिक्षक जॉन ब्रिन्स्ली यांनी १६१२ मध्ये ‘लुडुस लिटरारियुस’ हा संवादरूप ग्रंथ लिहिला. त्यात एक यशस्वी शिक्षक आणि एक थकलेला, निराश शिक्षक बोलत आहेत. लॅटिन वाक्यात शब्द कुठेही असू शकतात, म्हणून ब्रिन्स्ली सांगतात की आधी संबोधन असल्यास ते पाहावे, मग कर्ता आणि त्याच्यावर अवलंबून असलेले शब्द, मग क्रियापद, मग कर्म, अशा क्रमाने वाक्य लावून घ्यावे. या क्रमाने शब्द मांडलेली भाषांतरे त्यांनी मुलांच्या हाती दिली, म्हणजे घरी बसून मुलाला त्यांवरून मूळ लॅटिन परत रचता येईल. संस्कृत श्लोकाचा अन्वय लावलेल्या कोणालाही हे काम ओळखीचे वाटेल. अ‍ॅस्कम यांची पद्धत राजकन्येला शोभणारी आहे, कारण तिथे शिक्षक एक आणि विद्यार्थिनी एक. ब्रिन्स्ली गावातल्या भरलेल्या वर्गाचा विचार करतात, आणि म्हणून मला ते अधिक जवळचे वाटतात.

---

तांबडी माती

दोन्ही प्रतिसाद वाचून एक प्रश्न पडला. या शाळांमधील छडीविषयी खूप वाचायला मिळते. ती व्याकरणाच्या चुकांसाठी होती की शिस्तीसाठी?

---

कृष्णाकाठ

@तांबडी माती, दोन्हींसाठी, आणि हीच त्या काळच्या विचारी माणसांना खुपणारी गोष्ट होती. ‘द स्कूलमास्टर’ची सुरुवातच या विषयाने होते. १० डिसेंबर १५६३ रोजी विंडसरच्या राजवाड्यात, लंडनमध्ये प्लेगची साथ असताना, मंत्री विल्यम सेसिल यांच्याकडे जेवणाच्या वेळी बातमी आली की ईटनची काही मुले माराच्या भीतीने शाळेतून पळून गेली आहेत. तिथे बसलेल्या मंडळींत मतभेद झाले. काहींनी माराची बाजू घेतली, तर अ‍ॅस्कम म्हणाले की मुलांना विद्येकडे प्रेमाने अधिक लवकर नेता येते. त्याच जेवणानंतर त्यांना पुस्तक लिहिण्याचा आग्रह झाला. मंद पण टिकाऊ बुद्धीची मुले चुकतात म्हणून मार खातात आणि तीच मुले पुढे सर्वांत उपयोगी ठरली असती, असे त्यांचे म्हणणे आहे. ते वाचताना आजही मन हलते. अर्थात त्यांच्या पुस्तकाने छडी थांबली नाही. वेस्टमिन्स्टर शाळेचे रिचर्ड बझ्बी १६३८ ते १६९५ इतका प्रदीर्घ काळ मुख्याध्यापक होते, आणि त्यांची कीर्ती विद्वत्तेसाठी जेवढी, तेवढीच मारासाठीही होती.

---

मांडवीतीर

चर्चा इंग्लंडपुरती राहू नये म्हणून जेझुइट (येशूसंघ या कॅथलिक धर्मसंघाच्या) शाळांविषयी लिहितो, कारण संख्येने आणि विस्ताराने लॅटिन व्याकरणाचे सर्वांत मोठे जाळे त्यांचे होते, आणि ते गोव्यापर्यंत पोचले होते.

१५९९ मध्ये ‘रात्सिओ स्तुदिओरुम’ ही त्यांची शिक्षणसंहिता अंतिम स्वरूपात प्रसिद्ध झाली. तीत व्याकरणाचे तीन वर्ग (कनिष्ठ, मध्यम, वरिष्ठ), त्यावर साहित्याचा आणि त्यावर वक्तृत्वशास्त्राचा, अशी चढण आखलेली आहे. शिक्षक आधी उताऱ्याचे विवरण करीत, मुले ते घरी घोकून येत आणि दुसऱ्या दिवशी दहा-दहांच्या गटाचा प्रमुख मुलगाच इतरांचे पाठांतर ऐकून शिक्षकाला कळवी. शनिवारी आठवडाभराची उजळणी होई. वर्गाचे दोन पक्ष पाडून, प्रत्येक मुलाला एक प्रतिस्पर्धी नेमून, एकमेकांच्या चुका पकडण्याच्या स्पर्धा घेतल्या जात. शिकवण्यासाठी फी घेतली जात नसे. छडीच्या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तरही नोंदवण्यासारखे आहे : मार देण्याची वेळ आलीच, तर तो संघाबाहेरच्या नेमलेल्या माणसाने द्यावा, शिक्षकाने स्वतः हात उचलू नये.

त्यांचे ठरलेले व्याकरण होते मानुएल आल्व्हारिश यांचे, लिस्बनमध्ये १५७२ साली छापलेले. मदैरा बेटावर जन्मलेल्या या पोर्तुगीज शिक्षकाचे पुस्तक किती दूर गेले, याचे एक उदाहरण पुरेसे आहे : जपानमधील आमाकुसा येथे १५९४ मध्ये त्याची जी आवृत्ती निघाली, तिच्यात लॅटिन क्रियापदांच्या रूपांसोबत जपानी रूपे छापलेली होती.

आता गोव्याविषयी. जुन्या गोव्यातील सेंट पॉल कॉलेजात सोळाव्या शतकाच्या मध्यापासून स्थानिक आणि इतर आशियाई मुलांना लॅटिन शिकवले जात होते, आणि १५५६ मध्ये भारतातील पहिला छापखाना त्याच कॉलेजात सुरू झाला. ‘क्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. या परंपरेत व्याकरण म्हणजे काय हे शिकलेल्या या इंग्रज जेझुइटाने कोंकणी भाषेचे व्याकरण पोर्तुगीजमध्ये लिहिले. फादर दियोगो रिबैरो यांनी त्यात भर घातली आणि ते स्टीफन्स यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये राशोल येथे छापले गेले. नामे विभक्तींत चालवणे, क्रियापदे काळ आणि अर्थ यांनुसार लावणे, शेवटी वाक्यरचना, ही त्याची चौकट लॅटिन वर्गातून आलेली आहे. कोणत्याही भारतीय भाषेचे छापलेले हे पहिले व्याकरण मानले जाते. त्याचा सांगाडा सात-आठ वर्षांच्या युरोपीय मुलांसाठी घडवलेल्या पाठ्यपुस्तकांचा आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

---

उंबरठा

@मांडवीतीर, माहितीपूर्ण प्रतिसाद. एका मुद्द्यावर मात्र मला वेगळे म्हणायचे आहे.

जेझुइट शाळांत आणि इतर अनेक शाळांतही वर्गात, आवारात लॅटिनच बोलायचे असा नियम होता. मातृभाषेत बोलणाऱ्यांची नावे टिपून शिक्षकांना सांगण्यासाठी मुलांमधूनच हेर नेमले जात. जर्मन शाळांत अशा हेराला ‘लुपुस’, म्हणजे लांडगा, म्हणत. भाषा बोलूनच येते, हे तत्त्व खरे असले तरी त्याची अंमलबजावणी मुलाला मुलाविरुद्ध उभे करून केली गेली, आणि जे बोलले जाई ते बहुधा मोडकेतोडके असे. अ‍ॅस्कम यांचा याला स्पष्ट विरोध होता. कच्च्या अवस्थेत सतत बोलायला लावले की चुकीची भाषाच जिभेवर कायमची बसते, म्हणून आधी उत्तम लेखन, मग बोलणे, असा त्यांचा क्रम होता.

बोलण्याच्या बाजूचा सर्वांत प्रसिद्ध दाखला फ्रेंच निबंधकार मोंतेनचा आहे. वडिलांनी फ्रेंच न येणारा जर्मन शिक्षक ठेवला, घरातील नोकरांपर्यंत सर्वांना त्याच्याशी लॅटिनमध्ये बोलायला लावले, आणि पुस्तक, नियम, छडी यांपैकी काहीही नसताना मुलगा लॅटिन बोलू लागला. सहाव्या वर्षी त्याला बोर्दोच्या उत्तम मानल्या जाणाऱ्या शाळेत घातले आणि तिथे आपले लॅटिन बिघडले, असे तो स्वतः सांगतो. पण एका श्रीमंत घराने एका मुलासाठी जे केले, ते सार्वजनिक शाळेचे धोरण होऊ शकत नाही.

संवादांची पुस्तके हा मधला मार्ग होता. इरॅस्मस, व्हीव्हेस आणि १५६४ मध्ये मातुरँ कोर्दिए यांनी मुलांच्या रोजच्या बोलण्यातील प्रसंग लॅटिनमध्ये लिहिले : उठणे, वही हरवणे, खेळायला सुट्टी मागणे. या पुस्तकांमुळे निदान मुलाला स्वतःच्या आयुष्याविषयी लॅटिनमध्ये काही म्हणता येऊ लागले.

---

पाटी-पेन्सिल

कोमेनियुस यांचे नाव अजून आले नाही, म्हणून लिहितो.

मोराव्हियात जन्मलेले यान आमोस कोमेनियुस यांना लहानपणीच पोरकेपण आले आणि लॅटिन शाळेत ते वयाच्या सोळाव्या वर्षी दाखल झाले. इतर मुलांपेक्षा वयाने मोठे असल्यामुळे त्यांना शिकवण्यातील दोष विद्यार्थी असतानाच स्पष्ट दिसले. १६३१ मध्ये त्यांनी सुमारे हजार वाक्यांचे असे पुस्तक रचले, की ज्यात सृष्टी, शरीर, व्यवसाय, घर, राज्य असे सारे विषय क्रमाने येतात आणि त्यांतून सुमारे ८००० लॅटिन शब्द वाचकाच्या ओळखीचे होतात. नुसत्या वाक्यांचा संग्रह ही कल्पना सालामांका येथील आयरिश जेझुइटांच्या १६११ च्या पुस्तकावरून त्यांना मिळाली होती, पण विषयवार मांडणी त्यांची स्वतःची.

पुढचे पाऊल होते चित्रांचे. १६५८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे ‘ऑर्बिस सेन्सुआलियुम पिक्टुस’ छापले गेले. प्रत्येक पाठाच्या माथ्यावर एक चित्र, चित्रातील वस्तूंना आकडे, आणि खाली लॅटिन व जर्मन मजकूर शेजारी-शेजारी, त्यात तेच आकडे. लोहाराच्या भट्टीचे चित्र पाहून मुलगा भाता, ऐरण, हातोडा हे शब्द शिकतो आणि तेही वाक्यात, म्हणजे विभक्तीसकट. आरंभी अक्षरओळखही प्राण्यांच्या आवाजांवरून आहे. पहिलाच आवाज कावळ्याचा. चार्ल्स हूल या इंग्रज शिक्षकाने त्याचे इंग्रजी रूपांतर लगेच १६५९ मध्ये केले.

@दंडान्वय यांनी रूपावलीचे केलेले समर्थन मला मान्य आहे, आणि कोमेनियुस यांनीही व्याकरण काढून टाकले नव्हते. त्यांनी क्रम बदलला : आधी वस्तू, मग तिचा शब्द, मग वाक्य, आणि ओळखीच्या वाक्यांवरून नियम. पाठ करायचे ते समजलेलेच, हा त्यांचा आग्रह होता. हंगेरीतील शारोशपातक येथील शाळेत असताना त्यांनी आपल्या पुस्तकातील विषयांवर मुलांकडून लॅटिन नाटकेही करवून घेतली.

---

शब्दजाती

लेखात ‘शब्दांच्या आठ जाती’ असा उल्लेख आला आहे, आणि मराठी वाचकाला तो आकडा ओळखीचा वाटेल. त्याचा प्रवास थोडक्यात सांगतो.

ग्रीक व्याकरणकारांनी आठ जाती मानल्या होत्या, त्यांत उपपदे (इंग्रजीतील ‘द’सारखे शब्द) होती. लॅटिनमध्ये उपपदे नाहीत, म्हणून रोमन व्याकरणकारांनी ती वगळली आणि केवलप्रयोगी अव्यय वेगळे मानून आठाचा आकडा टिकवला. चौथ्या शतकातील डोनाटुसच्या प्रश्नोत्तररूप छोट्या व्याकरणाने तीच यादी हजार वर्षे मुलांच्या तोंडी ठेवली. मुद्रणाच्या अगदी आरंभीच्या काळात, १४५० च्या दशकात, माइन्त्स येथे बायबलबरोबरच डोनाटुसही छापला गेला. लिलीकडेही नाम, सर्वनाम, क्रियापद, धातुसाधित, क्रियाविशेषण, उभयान्वयी, शब्दयोगी आणि केवलप्रयोगी हीच यादी आहे. विशेषण तिथे स्वतंत्र नाही, तो नामाचाच एक प्रकार आहे, कारण लॅटिनमध्ये विशेषणही नामासारखेच चालते. पुढे इंग्रजीची व्याकरणे लिहिताना विशेषण वेगळे झाले आणि धातुसाधित बाहेर पडले. दादोबा पांडुरंग यांनी १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण लिहिले तेव्हा त्यांच्यासमोर इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता, आणि आपण शाळेत शिकलेल्या आठ जाती त्या वाटेने आल्या आहेत. प्राचीन संस्कृत निरुक्तकार यास्काच्या नाम, आख्यात, उपसर्ग, निपात या चार वर्गांशी ती यादी जुळत नाही, याचे कारण हेच.

---

तांबडी माती

आणखी दोन प्रश्न. मुलींना हे शिक्षण मिळत होते का? आणि एवढ्या टीकेनंतरही लिलीचे पुस्तक टिकले कसे?

---

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार.

मुलींविषयी : ग्रामर स्कूलचे दार त्यांना बंदच होते. राजघराण्यांतील आणि सरदारांच्या घरांतील काही मुली खासगी शिक्षकांकडे शिकल्या. एलिझाबेथने अ‍ॅस्कम यांच्याच पद्धतीने दुहेरी भाषांतरे केली. लेडी जेन ग्रे घरातील सगळे शिकारीला गेले असताना प्लेटो वाचत बसलेली त्यांना भेटली. आईवडिलांच्या जाचापेक्षा शिक्षकांचा सौम्य वर्ग तिला प्रिय होता, हे त्यांनी तिच्याच तोंडून ऐकून लिहून ठेवले आहे. या वर्तुळाबाहेरच्या सुखवस्तू घरांतील मुलींसाठी या भाषेची मागणी करणारे आवाज उशिरा आले. बाथ्शुआ मेकिन यांचा १६७३ चा निबंध त्यांतला एक ठळक आवाज.

दुसऱ्या प्रश्नाविषयी : टीकाकार लहान माणसे नव्हती. कवी मिल्टन यांनी १६४४ मध्ये लिहिले की एका वर्षात आनंदाने शिकता येईल एवढे लॅटिन-ग्रीक गोळा करण्यात आपण सात-आठ वर्षे घालवतो. पुढे १६६९ मध्ये त्यांनी स्वतः इंग्रजीतून लॅटिनचे छोटे व्याकरणही प्रसिद्ध केले. फ्रान्समध्ये पोर-रोयाल मठाच्या शाळांतील लान्सलो यांनी १६४४ मध्येच लॅटिनचे नियम फ्रेंचमधून दिले. बझ्बींचे विद्यार्थी असलेले तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी १६९३ मध्ये सांगितले की लॅटिन बोलण्यातून किंवा ओळीखाली भाषांतर असलेल्या सोप्या पुस्तकातून शिकवावे, आणि ज्या मुलाला दुकानात बसायचे आहे त्याला ते मुळीच शिकवू नये. तरीही लिलीचे पुस्तक टिकले, कारण त्यामागे राजाज्ञा होती, सर्व शिक्षक त्याच्यावरच वाढलेले होते आणि तेच शिकवणे त्यांना येत होते. अखेर १७५८ मध्ये ते सुधारून ईटनचे लॅटिन व्याकरण म्हणून पुढे चालू राहिले.

मात्र त्याच काळात या वर्गांमध्ये आणखी एक बदल झाला, आणि त्याकडे दुर्लक्ष होते. लॅटिन समजावण्यासाठी इंग्रजी नीट लिहावी लागते, हे शिक्षकांच्या लक्षात आले. मुले लॅटिन शिकताना इंग्रजी वाचायचेच विसरतात, अशी तक्रार ब्रिन्स्ली यांनी केली आणि रोज थोडे इंग्रजी वाचन ठेवावे असे सुचवले. त्यांच्याही आधी, १५८२ मध्ये, मर्चंट टेलर्स शाळेचे मुख्याध्यापक रिचर्ड मल्कास्टर यांनी लिहिले होते की लॅटिनचा मी आदर करतो, पण इंग्रजीची पूजा करतो. हे म्हणणारा माणूस आयुष्यभर लॅटिन शिकवत होता.

@मांडवीतीर, स्टीफन्स यांच्या कोंकणी व्याकरणातील विभक्तींची मांडणी आणि आल्व्हारिश यांची मांडणी शेजारी ठेवून आपण स्वतंत्र धागा काढावा, अशी विनंती. नामाची कोणती रूपे लॅटिनच्या सहा विभक्तींत सहज बसली आणि कोणत्या ठिकाणी चौकट ताणावी लागली, हे उदाहरणांसह वाचायला आवडेल.